न उपसलेलं पाणी

मार्च सरत आला की नगर, बीड, सोलापूर, पुरंदर या पट्ट्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. एका गाडीवर मशीन, दुसरीवर कॉम्प्रेसर आणि रॉड. पुष्कळदा तमिळनाडू पासिंगच्या. दिवसा पाणाड्या येऊन पॉइंट काढून गेलेला असतो. तळहातावर आडवा धरलेला नारळ जिथे उभा राहिला, तिथे दगड मांडून खूण केलेली असते. संध्याकाळी त्या खुणेवर हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात आणि मशीन सुरू होतं. मग रात्रभर आवाज आणि धुरळा. करडी भुकटी आली की काळा पाषाण, लालसर आली की गेरूचा थर, हे बघायला जमलेल्या पोरासोरांनाही कळतं. भाव फुटावर असतो. दोनशे फुटांना घरधन्याच्या कपाळावर आठी येते, तीनशेला तो बांधावर टेकतो, चारशेला कुणीतरी म्हणतं, अजून पन्नास फूट बघू. एखाद्याला पाणी लागतं, भुकटीचा चिखल होतो, फवारा उडतो, माणसं एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात. पुष्कळ बोअर कोरडे जातात आणि कर्ज तेवढं मागे उरतं.

त्या गर्दीत एक प्रश्न मात्र कुणी काढत नाही: हे पाणी कुणाचं? बांधापलीकडे पन्नास-साठ पावलांवर दुसऱ्या कुणाची जुनी विहीर आहे. महिन्याभरात तिचं पाणी परसभर खाली जाईल. तो मालक विहिरीत आडवे बोअर घेईल. तेही आटले की उभं बोअर मारेल, याच्यापेक्षा शंभर फूट खोल. यात चोरी कुणी केलेली नाही. आपल्या जमिनीखालचं पाणी आपलं, ही समजूत तर १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमापासून कायद्यातच बसलेली आहे.

बोअर मारणारा हा माणूस लबाड नाही. उसनवारी वेळेवर फेडतो, मजुराची मजुरी बुडवत नाही, एसटीत सापडलेलं पाकीट कंडक्टरच्या हवाली करतो. सचोटीची जी फूटपट्टी आपल्याला घरातून मिळाली, तिच्यावर तो पुरेपूर उतरतो. ती फूटपट्टी दिसणाऱ्या वस्तूंसाठी आहे: पैसा, जमीन, माप, शब्द. जमिनीखालच्या पाण्याला, जे दिसत नाही, ज्याला बांध नाही आणि ज्याचं मीटर कुणी वाचत नाही, ती पुरत नाही. म्हणून रोजच्या जगण्यातली सचोटी तपासायची तर भूजलाइतकी चांगली जागा दुसरी नाही. तिथे माणूस किती घेतो, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

खडकाचा हिशोब

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक थिजून झालेला हा खडक गंगेच्या खोऱ्यातल्या गाळासारखा पाणी पोटात घेत नाही. त्याच्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. पूर्वीच्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांवर थांबत, कारण दर पावसाळ्यात भरणारं पाणी तेवढ्याच खोलीत असे. त्याखाली जे सापडतं ते जुनं साठलेलं असतं. ते एकदा उपसलं की पुन्हा भरायला किती पावसाळे लागतील, हे सांगता येत नाही. वरचं पाणी म्हणजे वर्षाची कमाई, खालचं म्हणजे मुद्दल. मुद्दल खाणाऱ्या घराला गाव काय म्हणतं, हे वेगळं सांगायला नको.

कमाई मोजायची रीतही अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी पडतं. हजार हेक्टरांच्या गावात ते एक कोटी लिटर होतं. चारशे मिलिमीटर पावसाचे चारशे कोटी लिटर. आकडा ऐकून छाती फुगते. पण त्यातलं बरंचसं उन्हाने उडतं, काही ओढ्याने वाहून जातं, काही मातीच्या ओलीत राहतं आणि उरलेला लहानसा हिस्सा खाली मुरतो. गावाच्या हातात खर्चायला तो हिस्सा असतो. तो किती, हे बहुतेक गावांना माहीत नाही. आणि उत्पन्नच माहीत नसेल तर जास्त कुणी खर्च केला, हे कोण कुणाला विचारणार?

हिवरे बाजारने काय केलं

हा प्रश्न ज्या गावाने स्वतःला विचारला, ते हिवरे बाजार नगर तालुक्यात आहे. क्षेत्र हजार हेक्टरांच्या आत-बाहेर, लोकसंख्या तेराशेच्या आसपास, पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या घरातला. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव उतरणीला लागलं. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसं कामासाठी पुण्या-मुंबईकडे पांगली, दारूच्या भट्ट्या पेटल्या आणि भांडणं वाढली. सरकारी नोकराला शिक्षा म्हणून या गावी पाठवतात, अशी त्याची ख्याती होती. १९८९ च्या अखेरीस गावाने पोपटराव पवार या एम.कॉम. झालेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या तरुणाला बिनविरोध सरपंच केलं. पुढे २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढची कहाणी मराठी वाचकांनी पुष्कळदा वाचली आहे: समतल चर, माती नालाबांध, रोजगार हमीतून आणि श्रमदानातून झालेली कामं, आदर्श गाव योजनेतला सहभाग. नव्वदीच्या मध्यात दिवसाला दीडशे लिटर दूध निघणाऱ्या या गावात नंतर ते चार हजार लिटरच्या घरात गेलं, गाव सोडून गेलेली कुटुंबं परतली. पण या कहाणीत एक बाजू नेहमी अर्धवट सांगितली जाते. आदर्श गावाची पंचसूत्री आठवून पाहा: नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. नंतर लोटाबंदी आणि बोअरवेलबंदी आल्या. या सातांत करायची गोष्ट एकच आहे. बाकीच्या सगळ्या न करायच्या आहेत.

बोअरवेलबंदीचा अर्थ असा, की शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. घ्यायचं तर पिण्यापुरतं, गावासाठी. जास्त पाणी पिणारा ऊस आणि केळी यांना गावाने नकार दिला. ज्या नगर जिल्ह्यात उसावर घरं उभी राहिली, राजकारण उभं राहिलं, तिथे हा नकार लहान नव्हे. शेजारच्या गावातला पाहुणा उसाच्या बिलातून ट्रॅक्टर घेतो आणि आपण कांदा-ज्वारीवर थांबतो, हे दरवर्षी सोसायचं असतं.

२००४ पासून गाव दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पर्जन्यमापकावर सकाळी साडेआठला रीडिंग घ्यायचं, ते लिहून ठेवायचं, निरीक्षण विहिरींची पातळी मोजायची. पावसाळा सरला की एकूण पाणी किती आलं, किती उडालं-वाहिलं, किती मुरलं याचा हिशोब ग्रामसभेत येतो. मग खर्चाची बाजू. आधी माणसांचं पिणं-वापरणं, मग जनावरं, मग उभं पीक, आणि उरलं तर रब्बी. पाऊस भरपूर झाला तर गहू-कांद्याचं क्षेत्र वाढतं. ओढ दिली तर गहू-कांदा कमी, हरभरा-ज्वारी-चारा जास्त, आणि फारच कमी पडला तर रब्बीच्या पाण्यावर पाणी सोडायचं. निर्णय सगळ्यांना सारखा लागू. टंचाईच्या वर्षांत आजूबाजूला टँकर धावत असताना या गावाला त्यांची गरज लागत नाही, याचं कारण डोंगरावरच्या चरांइतकंच या सभेत आहे.

हिशोब एकट्याच्या वहीत राहिला तर त्याला पळवाट सापडते. चांगला माणूसही स्वतःशी बोलताना स्वतःला सूट देतो: यंदा मुलीचं लग्न आहे, यंदा डाळिंबाची बाग जगवायची आहे, पुढच्या वर्षी थांबू. सूट मागायची झाली तरी ती चारचौघांत मागावी लागली, तर माणूस दोनदा विचार करतो. हिवरे बाजारची माणसं इतर गावांतल्या माणसांहून जास्त सज्जन आहेत, असं मानायला आधार नाही. सज्जनपणा रोज वापरता येईल, अशी जागा मात्र त्यांनी तयार केली आहे.

रात्रीची लाईट

या जागेची गरज का भासते, ते रात्री दोन वाजता कळतं. शेतीची वीज पाळीपाळीने मिळते. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. पाटाच्या कडेने साप-विंचवाचा नेम नसतो, थंडीत पायांची बोटं बधिर होतात. एक वाफा भरला की फावड्याने माती ओढून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं. हे रात्रभर करण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे मोटारीला ऑटो स्विच बसवणं. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, गेली की बंद. मालक घरी झोपलेला असतो. वाफा भरून वाहतो, पाणी बांध ओलांडून ओढ्याला लागतं. गावातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्याने ट्रान्सफॉर्मर जळतो आणि मग आठ-आठ दिवस कुणालाच वीज मिळत नाही.

ऑटो स्विच काढा, असं महावितरण वारंवार सांगतं. काढणारे थोडे असतात. कारण काढणाऱ्याला थंडीत उठावं लागतं आणि फायदा सगळ्यांना मिळतो. न काढणारा झोपतो आणि तोटा सगळ्यांत वाटला जातो. ‘शेजाऱ्यानं मारलं, मग आपणच का थांबायचं?’ हे बोअरबद्दल गावोगाव ऐकू येणारं वाक्य याच हिशोबातून येतं. आणि हिशोब म्हणून ते चूक नाही. एकट्याने थांबणाऱ्याचं पाणी खरोखरच शेजाऱ्याच्या बोअरला जातं. विजेचा भावही कुणाला आवरत नाही. शेतीपंपांना वर्षानुवर्षं हॉर्सपॉवरवर ठरलेलं बिल होतं, किती तास चालवला याच्याशी त्याचा संबंध नव्हता; २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. अडचणीतल्या शेतकऱ्याला ती सवलत हवीही असेल. पण त्यामुळे हात आवरण्याचं सगळं ओझं माणसाच्या मनावर येऊन पडतं, हे विसरून चालणार नाही.

सामाईक कुरणाचा असाच नाश होतो, असं गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं, तेव्हा त्याला दोनच उपाय दिसले: सरकारचा दंडुका किंवा खाजगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे जगभरच्या कुरणांचा, मासेमारीचा, पाटपाण्याचा अभ्यास करून दाखवलं, की तिसरी वाटही आहे. माणसं स्वतः नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, मोडणाऱ्याला आधी हलकी आणि मग जड शिक्षा करतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या सामाईक वस्तू टिकवतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

फड आणि पाणी पंचायत

ही तिसरी वाट खानदेशाला काही शतकांपासून माहीत आहे. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखालची फड पद्धत म्हणजे हेच. लाभक्षेत्राचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, एका फडात एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला पंच. पाटकरी सगळ्यांचा नोकर. शेतमालकाने स्वतः दार उघडायचं नाही. नदीला पाणी कमी असेल तर फडच कमी भिजवायचा आणि तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. वरच्याने आधी भरून घ्यायचं आणि खालच्याने आभाळाकडे बघायचं, हा प्रकार त्या रचनेत बसतच नाही.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी हीच गोष्ट वेगळ्या टोकापर्यंत नेली. साळुंखे पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं पाहून ते नायगावला आले, देवस्थानची चाळीस एकर माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली, पाणी अडवून ती पिकवून दाखवली आणि ग्रामगौरव प्रतिष्ठान काढलं. पाणी पंचायतीचे त्यांचे नियम थोडके होते. पाणी जमिनीच्या हिशोबाने नाही, घरातल्या माणसांच्या हिशोबाने मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. २००२ मध्ये साळुंखे गेले. त्यांच्यानंतर बऱ्याच उपसा योजना थकल्या, बंद पडल्या. पण त्यांनी विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे: ज्याच्याकडे वीस एकर आहे त्याला वीस एकरांचं पाणी मिळणं, हा न्याय कुठला?

हिवरे बाजारपेक्षा हा प्रश्न एक पायरी पुढचा आहे. हिवरे बाजारच्या ताळेबंदाने सगळ्यांनी मिळून किती घ्यायचं, हे ठरवलं. साळुंख्यांनी कुणी किती घ्यायचं, हे ठरवलं. ज्याच्याकडे विहीर आहे त्याने संयम पाळणं चांगलंच. पण ज्याच्याकडे विहीरच नाही, त्याच्या वाट्याचं पाणी आपल्या संयमात धरलेलं आहे का, हेही विचारावं लागतं. लहान गाव, एकसंध वस्ती, तीस वर्षं टिकलेलं नेतृत्व, यांचा हिवरे बाजारच्या यशात मोठा वाटा आहे. दहा वाड्यांचं, चार गटांचं, दर निवडणुकीत दुभंगणारं गाव ते जसंच्या तसं उचलू शकणार नाही. हे मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे. नाहीतर ‘आमच्याकडे पोपटराव नाहीत’ ही सबब हाताशी असतेच.

अडवणं दिसतं

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने पाणी अडवण्याचं मोठं काम केलं. जलयुक्त शिवार झालं. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि राज्यभर पसरली. उन्हाच्या आधी, भल्या पहाटे टिकाव-घमेली घेऊन निघालेली गावं, शहरातून श्रमदानाला आलेले तरुण, जेसीबीला डिझेल देणारे व्यापारी, हे सगळं खरं होतं आणि डोळ्यांत पाणी आणणारं होतं. पण पुष्कळ ठिकाणी पुढे काय झालं? विहिरींना पाणी आलं आणि त्या पाण्यावर ऊस आला. शेततळी खोदली ती पावसाचं वाहून जाणारं पाणी धरण्यासाठी. त्यांना प्लास्टिकचं अस्तर लावून विहिरी-बोअरचं पाणी हिवाळ्यात त्यांत भरून ठेवलं गेलं. खडकाच्या सावलीत सुरक्षित असलेलं पाणी उन्हात आणून ठेवायचं, ते वाफ होऊन उडू द्यायचं, आणि शेजाऱ्याच्या विहिरीपासून ते लांब ठेवल्याचं समाधान मानायचं.

अडवणं दिसतं. त्याचा फोटो निघतो, त्याला बक्षीस मिळतं, ते पंचेचाळीस दिवसांत उरकतं. न उपसणं दिसत नाही. ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस करायचं असतं आणि त्याचा पुरावा एवढाच, की मे महिन्यात शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी असतं. रोजच्या सचोटीचं बहुतेक काम असंच आहे. कौतुक श्रमदानाच्या वाट्याला येतं आणि टिकाव संयमामुळे लागतो.

कायदा यात किती मदत करतो? १९९३ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली. २००९ च्या भूजल कायद्याला राष्ट्रपतींची संमती २०१३ मध्ये मिळाली; त्यात शेती-उद्योगासाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना मनाई आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूटही भरत नाहीत, आणि गाड्या पाचशे फुटांवर जातात. कायदा मोडला जातो तो लपूनछपून नाही; नारळ फोडून, सगळ्या गावासमोर. गावानेच हिशोब मांडलेला नसला, तर तलाठी किंवा तहसीलदार किती बोअर थांबवणार?

आणि गावाने मांडला नाही तर शेवट कुठे होतो, ते २०१६ च्या उन्हाळ्यात दिसलं. लातूरला पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वॅगन होत्या, पाणी पाच लाख लिटर. हजार हेक्टरांच्या गावावर अर्धा मिलिमीटर पावसाची सर आली, तर याच्या दहापट पाणी पडतं.

नळापलीकडचे

शहरातल्या वाचकाला हे गावकीचं वाटत असेल, तर त्याने आपल्या सोसायटीच्या गच्चीवर जावं. सकाळी टाकी भरून वाहते आहे का, बघावं. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी घालवतो. सरकारी मानकाने शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर धरलेले आहेत, त्यातले हे वीस. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवण्याची सोय सक्तीची आहे. कागद रंगला, दाखला मिळाला, आणि नंतर त्या खड्ड्यात डेब्रिस पडलं, असं आपल्या इमारतीत तर झालेलं नाही ना, हे विचारायला सभासद असणं पुरेसं आहे. उन्हाळ्यात टँकर मागवताना तो कुठून भरून येतो, हेही विचारावं. तो बहुतेक वेळा शहराच्या कडेच्या एखाद्या गावातल्या विहिरीवरून येतो. त्या विहिरीलाही शेजार आहे.

पुन्हा गावाकडे येऊ. अटल भूजल योजनेत राज्यातल्या तेरा जिल्ह्यांत गावपातळीवर पाण्याचे ताळेबंद तयार झाले. काही ग्रामपंचायतींच्या भिंतींवर ते रंगवलेले आहेत. भिंतीवरचा आकडा आणि शेतातलं पीक यांचा एकमेकांशी संबंध लागला, तर तो ताळेबंद. नाहीतर नुसता रंग. तो संबंध लावण्याचं काम कोणत्याही योजनेत लिहून देता येत नाही. ते ग्रामसभेत उठून ‘यंदा माझा कांदा दोन एकरच’ असं म्हणणाऱ्याचं काम आहे, आणि त्याचं ऐकून ‘मग माझाही’ म्हणणाऱ्याचं.

त्यासाठी पुरस्कारप्राप्त सरपंचाची वाट बघायची गरज नाही. विहिरीची पातळी दोरीला दगड बांधून मोजता येते. पाऊस सरळ काठाच्या डब्यात पट्टी बुडवून मोजता येतो. मोटार किती तास चालली, हे कॅलेंडरच्या चौकटीत लिहिता येतं. सोसायटीचं मीटर कुठलाही सभासद वाचू शकतो. हे आकडे घेऊन चारचौघांत उभं राहायला जी हिंमत लागते, तिलाच मी रोजच्या जगण्यातली सचोटी म्हणेन. आणि सुरुवात कुणी करायची, याबद्दल मला शंका नाही. जो सर्वांत जास्त उपसतो, त्याने आपला आकडा सर्वांत आधी सांगावा.